आधी मान, मग हेडर

इंग्लंडमध्ये २०२४-२५ च्या हंगामापासून सात, आठ आणि नऊ वर्षांखालच्या मुलांच्या सामन्यांत जाणूनबुजून हेडर मारण्यावर बंदी आली. त्यापुढच्या हंगामात दहा वर्षांखालचा गट आणि २०२६-२७ मध्ये अकरा वर्षांखालचा गट या नियमाखाली आणायचा, असा टप्प्याटप्प्याचा कार्यक्रम तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आखला. पोराने मुद्दाम डोक्याने चेंडू मारला, तर समोरच्या संघाला इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी किक, मिळते. नियम म्हणून इतकंच. पण त्यावरून जो वाद पेटला, तो ऐकवत नाही. एका बाजूचे म्हणतात, मुलांना तळहातावरच्या फोडासारखं जपायचं असेल तर फुटबॉल कशाला, घरात कॅरम खेळू द्या. दुसऱ्या बाजूचे १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंड संघाचा फोटो पुढे करतात, त्यातल्या कोणाकोणाला स्मृतिभ्रंश झाला ते सांगतात आणि आईबापांच्या पोटात गोळा आणतात. तिथे राहणारी आणि शनिवार-रविवारी पोरांना मैदानावर नेणारी मराठी कुटुंबंही या दोन गटांत वाटली गेली आहेत. आपल्याकडे कोल्हापूर, मुंबई, गोव्यातल्या शिबिरांतून शंभरेक पोरं एकाच वेळी मैदानात उतरतात, पण तिथे या प्रश्नावर अजून धड बोललंही जात नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. बारा वर्षांच्या आतल्या मुलाच्या डोक्यावर सरावात किंवा सामन्यात चेंडू आदळू देऊ नये. आणि हेडर शिकवायला सुरुवात मात्र त्याच वयात करावी. ही दोन वाक्यं एकमेकांना छेद देतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हेडर म्हणजे काय याचा पुरता विचार केलेला नाही, आणि बहुतेक वाद त्याच जागी घसरतो.

हा प्रश्न काही कालपरवाचा नाही. जेफ ॲस्टल हा वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा सेंटर फॉरवर्ड, हवेतल्या चेंडूचा बादशहा. १९६८ च्या एफए कप अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा. २००२ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ५९ व्या वर्षी तो गेला, आणि जाण्याआधीची काही वर्षं त्याच्या मेंदूने त्याची साथ सोडली होती. त्या वर्षअखेरीच्या चौकशीत कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूचं कारण ठरवलं 'औद्योगिक आजार'. खाणकामगाराच्या फुप्फुसात धूळ बसते किंवा ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातल्या माणसाला कर्करोग होतो, तेव्हा जो शब्द वापरतात तोच. म्हणजे या माणसाला त्याच्या कामाने मारलं आणि ते काम होतं चेंडू डोक्याने मारण्याचं. २०१४ मध्ये त्याच्या मेंदूची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा वारंवार आघात सोसलेल्या बॉक्सरांच्या मेंदूत दिसणारा सीटीई हा आजार त्यात सापडला. ब्राझीलच्या १९५८ च्या विश्वविजेत्या संघाचा कप्तान बेलिनी हा बचावपटू. तो २०१४ मध्ये गेल्यावर त्याच्या मेंदूतही तेच दिसलं.

दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे खरं. म्हणून ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासाला महत्त्व आहे. डॉ. विली स्टुअर्ट यांच्या गटाने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक खेळाडूंची मृत्यूची कारणं तपासली आणि सर्वसामान्य लोकांतल्या २३,०२८ जणांशी ताडून पाहिली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. मेंदूच्या झिजेच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण फुटबॉलपटूंमध्ये साधारण साडेतीनपट होतं. २०२१ मध्ये त्याच गटाने पुढचं काम मांडलं, आणि माझ्या मते या सगळ्या वादातली सर्वांत बोलकी गोष्ट त्यात आहे. गोलरक्षकांचा धोका सामान्य माणसाइतकाच निघाला. बचावपटूंचा सुमारे पाचपट. गोलरक्षकही त्याच मैदानात पडतो, धडपडतो, गोलपोस्टवर आपटतो, तोच प्रवास करतो, तेच खातो-पितो. तो एकच गोष्ट करत नाही, चेंडू डोक्याने मारत नाही. यावरून गुन्हा पुरता शाबीत होत नाही, पण संशयाचं बोट कुठे जातं हे कळायला आणखी किती पुरावा हवा?

आता विरोधकांची बाजू. ती मी मनापासून मांडतो, कारण तिच्यात दम आहे. पहिली गोष्ट, हे सगळे अभ्यास व्यावसायिक खेळाडूंचे आहेत. पंधरा-वीस वर्षं रोज सराव करणारा बचावपटू आणि आठवड्यातून दोनदा मैदानात जाणारी नऊ वर्षांची मुलगी यांना एका तराजूत घालता येत नाही. लहानपणी काही वर्षं हेडर मारल्याने म्हातारपणी स्मृतिभ्रंश होतो, असं कुठल्याही अभ्यासाने दाखवलेलं नाही. दुसरी, त्याच ग्लासगोच्या अभ्यासात फुटबॉलपटू हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने कमी मेलेले दिसले. खेळाने त्यांना पुष्कळ काही दिलंही. घाबरवून पोरांना मैदानापासून तोडणारा माणूस त्यांचं भलं करत नाही. तिसरी गोष्ट सगळ्यांत वजनदार. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या फुटबॉलवर २०१५ मध्ये जो मोठा अभ्यास आला, त्यात कन्कशनच्या, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसण्याच्या, घटनांपैकी मुलग्यांत सुमारे ३० टक्के आणि मुलींत २५ टक्के हेडर मारताना घडलेल्या होत्या. पण त्यातल्या बहुतेकांत डोक्याला लागलं ते दुसऱ्या खेळाडूचं डोकं, कोपर किंवा खांदा. चेंडू नव्हे. मग विरोधक विचारतात, दोष चेंडूचा की टकरीचा? टक्कर टाळायची असेल, तर उडी कधी मारायची, हात कुठे ठेवायचे, डोळे उघडे कसे ठेवायचे हे लहानपणीच नको का शिकवायला? बाराव्या वर्षी अचानक मोकळं सोडलं, तर ते पोर डोळे मिटून गर्दीत घुसेल आणि जास्तच लागून घेईल.

या शेवटच्या मुद्द्याला उत्तर देण्यासाठी आधी मैदानावर काय चालतं ते बघायला हवं. शिबिरातली मुलं रांगेत उभी. कोच चार-पाच पावलांवरून दोन्ही हातांनी चेंडू उडवतो. "कपाळानं मार, डोळे उघडे, मान ताठ!" पहिला पोरगा चेंडू जवळ येताच डोळे गच्च मिटतो, हनुवटी वर करतो, आणि चेंडू नाकावर नाहीतर थेट टाळूवर बसतो. रांगेत हशा पिकतो. पोरगा डोळ्यांतलं पाणी पुसत मागे जाऊन उभा राहतो, कारण रडलं की बाकीचे चिडवतात. रांग फिरते, पुन्हा त्याचा नंबर, पुन्हा तेच. दहा-बारा मिनिटांत एकेका डोक्यावर पंधरा-वीस वेळा चेंडू. आणि लहान मुलांच्या सामन्यात काय होतं? पाच, सात किंवा नऊ जणांचे संघ, आखूड मैदान, बुटके गोलपोस्ट. नऊ वर्षांच्या पोराच्या पायात मैदानाच्या कडेवरून गोलासमोर उंच चेंडू टाकण्याइतकी ताकदच नसते. चेंडू बहुतांश जमिनीवर आणि पन्नास पायांच्या गर्दीत. अख्ख्या सामन्यात एखाद्या पोराच्या वाट्याला हेडर आला तर आला.

म्हणजे होतं काय, की सामन्यातल्या एका हेडरपासून वाचवण्यासाठी म्हणून आपण सरावात त्याच डोक्यावर वीस हेडर लादतो. सुरक्षिततेसाठी जो सराव करून घ्यायचा, मुख्य धोका त्यातच भरलेला. 'लवकर शिकवा म्हणजे वाचतील' हा युक्तिवाद इथे स्वतःच्याच वजनाने कोसळतो.

त्या वीस हेडरनी तरी काय मोठं बिघडतं, असं कोणी म्हणेल. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाने २०१६ मध्ये हेच करून पाहिलं. एका यंत्रातून कॉर्नर किकच्या वेगाने चेंडू सोडले आणि १९ प्रौढ हौशी खेळाडूंनी प्रत्येकी २० हेडर मारले. लगेच घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी ४१ ते ६७ टक्क्यांनी घसरली. चोवीस तासांत ती पूर्ववत झाली, हेही सांगायलाच हवं. कोचने हाताने उडवलेला चेंडू तितका वेगवान नसतो, तेही मान्य. पण ती माणसं तयार मानेची, पूर्ण वाढ झालेली होती. सहाव्या वर्षापर्यंत मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के आकाराचा होतो आणि मान मात्र काडीसारखी असते. हेडरच्या क्षणी मान आणि धड एक होऊन चेंडूला भिडले, तर डोकं कमी हलतं. मान कच्ची असेल तर डोकं झटक्याने मागे जातं आणि कवटीच्या आतला मेंदू मडक्यातल्या पाण्यासारखा डचमळतो. अमेरिकेतल्या शाळकरी खेळाडूंच्या एका मोठ्या पाहणीत दिसलं, की मानेची ताकद एका पौंडाने वाढली की कन्कशनची शक्यता ५ टक्क्यांनी घटते. मग ज्याच्याकडे ती मानच नाही, त्याला 'योग्य तंत्र' शिकवून काय साधणार? तंत्र सांगतं मान ताठ ठेव. मान ताठ ठेवायला लागतो स्नायू, आणि आठव्या वर्षी तो आणायचा कुठून?

'ते जुने चामडी चेंडू होते, पाण्याने भिजून दगड व्हायचे, आताचे हलके असतात', हा युक्तिवाद तर इतक्यांदा ऐकला आहे, की त्याला नीट उत्तर द्यायलाच हवं. भिजलेलं चामडं जड व्हायचं हे खरं. पण कोरड्या चेंडूचं नियमातलं वजन १९३७ पासून बदललेलं नाही. तेव्हाही १४ ते १६ औंस, आजही ४१० ते ४५० ग्रॅम. आजचा चेंडू पाणी धरत नाही, म्हणून हवेत जास्त वेगाने येतो. आणि ग्लासगोच्या अभ्यासात १९१० च्या सुमारास जन्मलेल्यांपासून १९६९ पर्यंत जन्मलेल्यांपर्यंत धोक्याचं प्रमाण बदललेलं आढळलं नाही. जुन्या चेंडूवर खापर फोडायचं, तर नंतरच्या पिढीत आकडे उतरायला हवे होते. आपल्याकडे तर हा युक्तिवाद आणखीच लंगडा पडतो. वळिवाचा पाऊस झाल्यावर जागोजागी पाणी साचलेल्या मैदानात स्वस्तातला शिवलेला चेंडू, तोही पाच नंबरचा, म्हणजे मोठ्यांच्या मापाचा, आणि पंप मारमारून टणक केलेला, हेच बहुतेक पोरांच्या नशिबी असतं.

राहिला 'अजून पक्का पुरावा नाही' हा मुद्दा. हे वाक्य खेळाच्या इतिहासात फार वेळा बोललं गेलंय. बॉक्सरांच्या डोक्यात बिघाड होतो, हे अमेरिकन डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच लिहिलं. पुढची कित्येक दशकं ते अपवाद म्हणून झटकलं गेलं. ॲस्टलच्या चौकशीचा निकाल २००२ चा आणि ग्लासगोचा अभ्यास २०१९ चा. मधल्या १७ वर्षांत किती मुलं रांगेत उभी राहिली असतील? हे आजार बाहेर पडायला चाळीस-पन्नास वर्षं घेतात. आज दहा वर्षांच्या असलेल्या मुलांबाबतचा पक्का पुरावा हवा असेल, तर तो ती मुलं साठीला आल्यावर मिळेल. तोवर थांबायचं म्हणजे पुरावा त्या मुलांच्या डोक्यांतून गोळा करायचा. मोठा खेळाडू स्वतःच्या बुद्धीने धोका पत्करतो, त्याचे त्याला पैसे मिळतात. दुसरीतल्या मुलाची संमती कोणी घेतली? आणि दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. बाराव्या वर्षापर्यंत त्याने हेडर मारला नाही, तर त्याचं नुकसान काय? पायाने खेळायला, पास द्यायला, चेंडू छातीवर घ्यायला दोन-तीन वर्षं जास्त मिळतात.

खेळाचा आत्माच जाईल, असं म्हणणारेही आहेत. त्यांची कळकळ मला समजते, कारण हेडर मलाही फार प्रिय आहे. १९९८ च्या अंतिम सामन्यात झिदानने दोन कॉर्नरवर केलेले दोन गोल, २०१० च्या उपांत्य फेरीत जर्मनीच्या बचावफळीवरून झेपावलेला स्पेनचा पुयोल, हे विसरता येत नाही. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये जर्नेलसिंग डोक्याला टाके घेऊन सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने गोल केला आणि भारताने सुवर्ण जिंकलं. ती हिंमत वंदनीयच आहे. पण ती एका जाणत्या पुरुषाची हिंमत होती. तिची गोष्ट सांगून आठ वर्षांच्या पोराला 'लागलं तरी खेळ' म्हणणं, हा त्या हिमतीचाच अपमान आहे. आणि वयाची अट आल्याने खेळ मरतो, हे तर महाराष्ट्राने स्वतः खोटं ठरवलंय. दहीहंडीच्या सर्वांत वरच्या थरावर चिमुरडी पोरं चढवायची की नाही, यावर आपल्याकडे केवढं रान उठलं होतं. परंपरा बुडणार, उत्सव संपणार. २०१७ मध्ये चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात घेणार नाही, ही राज्य सरकारची भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने नोंदवून घेतली. हंड्या आजही फुटतात, आणि २०२२ मध्ये तर दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला. फुटबॉलच्या पायाखालची जमीनही एका वयाच्या अटीने सरकणार नाही. अमेरिकेने २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे हेडर बंद केले आणि अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सरावाला आठवड्याला ३० मिनिटांची मर्यादा घातली. तिथला फुटबॉल त्यानंतर वाढलाच आहे.

बंदीवाल्यांशीही माझं भांडण आहे. नुसतं 'नको' म्हणून मोकळं होणं सोपं. मुलगा बारा वर्षांचा झाला, अकरा जणांच्या मैदानात आला, उंच चेंडू येऊ लागले आणि त्याला काहीच माहीत नाही, ही स्थिती खरोखर धोक्याची आहे. विरोधकांचा तेवढा मुद्दा खरा आहे. पण त्याचं उत्तर रांगेतल्या हेडरांत नाही. हेडर हा बारा आणे पायांचा आणि डोळ्यांचा खेळ आहे. चेंडू कुठे पडणार हे ओळखणं, तिथे वेळेवर पोचणं, एका पायावर उडी घेणं, हवेत शरीर सांभाळणं, समोरच्याला न धडकता खाली येणं. डोक्याचा चेंडूला लागणारा स्पर्श ही अगदी शेवटची गोष्ट. सुनील छेत्रीची उंची बेताचीच, पण त्याने डोक्याने मारलेले गोल बघा. उंच धिप्पाड बॅकच्या मधून तो वर येतो तो अचूक वेळ साधून. ही वेळ साधायला शिकवताना डोक्याला चेंडू लागायची गरज काय? उडवलेला चेंडू सगळ्यांत उंच बिंदूवर दोन्ही हातांनी झेलायला लावा, उडीची वेळ आपोआप बसते. फुग्याला कपाळाने वर ठेवायला सांगा. फुगा हळू येतो, लागत नाही, म्हणून पोर डोळे मिटत नाही, आणि एकदा डोळे उघडे राहिले की अर्धी भीती संपली. मग स्पंजचा चेंडू, तोही स्वतःच्याच हाताने उडवलेला.

आणि मान. इथे कोल्हापूरला इंग्लंडकडून शिकायचं काही नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, या आपल्या फुटबॉल संघांची नावंच तालमीची आहेत. पेठेपेठेतल्या तालमींच्या कट्ट्यांवरूनच तिथला फुटबॉल उभा राहिला. तालमीत नवं पोर आलं, तर वस्ताद त्याला पहिल्या दिवशी तयार पैलवानाशी भिडवतो का? जोर, बैठका, माती उकरणं, रोजची मेहनत. मान आणि खांदे भरले की मगच त्याला जोड लावायची. तीच अक्कल शेजारच्या मैदानावर का चालू नये? जोडीदाराने कपाळावर तळवा टेकवायचा आणि आपण मानेने हळूहळू तोलून धरायचं, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. सरावाआधीची पाच मिनिटं. त्याला ना साहित्य लागतं ना परदेशी लायसन्सवाला कोच.

मुलींबाबत तर आणखी जपायला हवं, कारण त्यांची मान सरासरीने कमी ताकदीची असते आणि कन्कशनचं प्रमाण त्यांच्यात जास्त दिसतं. दुसरा जोखमीचा गट आहे उंच मुलांचा. नऊ-दहा वर्षांचं एखादं पोर वर्गमित्रांपेक्षा वीतभर उंच दिसलं, की कोच त्याला स्टॉपर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, करून टाकतो आणि सगळे उंच चेंडू त्याच्याच डोक्यावर घ्यायला लावतो. ग्लासगोच्या आकड्यांत पाचपट धोका कुठल्या जागेवरच्या खेळाडूंना होता, ते वर आलंच आहे. त्या मुलांची उमेदवारी आपण दहा वर्षं आधी सुरू करून देतो.

इथे आपल्या मैदानांवर सावली नाही, डॉक्टर नाही, बर्फाची पिशवीसुद्धा शेजारच्या हॉटेलातून मागून आणावी लागते, आणि हे कसले चोचले, असं म्हटलं जाईल. ही अडचण खरी आहे. पण डॉक्टर नसलेल्या मैदानावर डोक्याचा धोका कमी करायचा की वाढवायचा? इंग्लंडमध्ये पोर गरगरलं तर तपासणारं कोणी तरी असतं. आपल्याकडे त्याच्या तोंडावर पाणी मारून त्याला पुन्हा आत पाठवतात. म्हणून येत्या उन्हाळी शिबिरांपासून क्लबांनी आणि शाळांनी स्वतःहून हे ठरवावं, वरून फतवा येण्याची वाट पाहू नये. बारा वर्षांखालच्या स्पर्धेत मुद्दाम मारलेल्या हेडरला इनडायरेक्ट फ्री किक द्यावी. सरावात फुगा आणि स्पंजचा चेंडू वापरावा. डोक्याला जोरात लागलं, तर ते पोर त्या दिवशी परत मैदानात उतरवू नये, मग सामना अंतिम असो की आणखी कुठला. पालकांनी फी भरताना बुटांच्या आणि जर्सीच्या चौकशीआधी विचारावं, की आमच्या मुलाकडून हेडर किती मारून घेणार आणि कुठल्या चेंडूने. बारा वर्षांखालच्या गटासाठी इंग्लंडने २०२० मध्ये जी मर्यादा सुचवली होती, ती महिन्यातून एक सत्र आणि त्यात जास्तीत जास्त ५ हेडर अशी होती. मुलं बारावं पूर्ण करून खऱ्या चेंडूकडे वळतील, त्या पहिल्या वर्षासाठी आपण तीच जशीच्या तशी घ्यावी. कोचच्या खिशातल्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे पाच रेघा ओढल्या की हिशेब झाला.